प्रकल्प नोंदी: बारा तासांचा स्वसंरक्षण वर्ग

३ जून

ज्यांनी आयुष्यात कधी मॅटवर पाय ठेवलेला नाही, त्यांच्यासाठी स्वसंरक्षणाचा छोटा वर्ग आखायचा आहे. चार सत्रं, प्रत्येकी तीन तास. आलेल्यांपैकी बहुतेकजण त्यानंतर पुन्हा सरावाला येणार नाहीत, हे धरूनच चालायचं. आखणारे आम्ही चौघं: कराटेवाल्या ताई, बॉक्सिंगचे सर, हिंसा सोसलेल्यांसोबत काम करणाऱ्या समुपदेशक मॅडम आणि ज्युदोवाला मी. नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकीच्यांनी आधीच हात वर केले.

पहिली बैठक व्हायची तशीच झाली. रस्त्यावर कोणता प्रकार 'चालतो' यावरून आम्हा तिघा मॅटवाल्यांची जुंपली. सरांचं म्हणणं, ठोसा खायची सवय नसेल तर बाकी सगळं शोभेचं. ताईंचं म्हणणं, लाथ पोचते तिथे ठोसा पोचत नाही. मी म्हणत होतो, पहिल्या धक्क्यानंतर सगळे एकमेकांच्या कपड्यांनाच लटकतात, तेव्हा पकडीचं बोला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही तिघं ज्याच्याशी लढताय तो माणूस कोण आहे?"

यावर कुणालाच धड बोलता आलं नाही. ठरलं असं: हल्ला कोण करतो, कुणावर करतो आणि कुठे करतो हे आधी कागदावर आणायचं. तोवर कुणी डावाचं नाव काढायचं नाही.

७ जून

मॅडमनी जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे समोर ठेवले. जगात साधारण दर तीन स्त्रियांपैकी एकीने आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते आणि त्यातला मोठा वाटा जोडीदाराच्या हातचा असतो. स्त्रियांच्या खुनांपैकी तर ३८ टक्क्यांपर्यंत खून जोडीदाराने केलेले असतात. पुरुषांचं चित्र वेगळं आहे. जगभरात खून होणाऱ्यांत सुमारे ८० टक्के पुरुष असतात आणि त्यांना मारणारेही बहुतेक पुरुषच.

कागदावर ढोबळमानाने तीन माणसं उतरली. एक लुटारू, ज्याला वस्तू हवी आहे. दुसरा राडा करणारा, ज्याला चारचौघांत आपली शान राखायची आहे: हनुवटी वर, छाती पुढे, "काय बघतोस?" पासून सुरुवात. तिसरा ओळखीचा, ज्याला ताबा हवा आहे आणि ज्याच्याकडे तुमच्या घराची किल्लीही असू शकते.

पहिल्याला वस्तू देऊन टाकली की बहुतेकदा विषय संपतो. दुसऱ्यापासून निघून जायला वाट असते. फक्त निघताना जाता जाता एक शेलका शब्द टाकायचा मोह आवरावा लागतो, आणि हा मोह आवरणं मला कुठल्याही फेकीपेक्षा अवघड वाटतं. तिसऱ्यासाठी मात्र आमच्या तिघांच्या अभ्यासक्रमात एक ओळही नाही. आमचे सगळे डाव समोरून चालत येणाऱ्या अनोळखी माणसावर बेतलेले आहेत, जो आधी पवित्रा घेतो आणि मग हल्ला करतो. दाराला पाठ लावून "तू आत्ता कुठेही जाणार नाहीस" असं शांतपणे म्हणणारा नवरा आमच्यापैकी कुणाच्याही परीक्षेत कधी आलेला नाही.

१२ जून

विषय सरावाच्या पद्धतीचा. माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे नोंद लांबणार.

कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोडोकान सुरू केलं. जुन्या जुजुत्सूच्या शाळांत जिवावर बेतणारे डाव भरपूर होते. अडचण अशी की असा डाव जोडीदारावर खराखुरा मारता येत नाही. तो हळू, ठरवून आणि समोरच्याच्या सहकार्यानेच करावा लागतो. कानोंनी असे डाव आखीव सरावापुरते, म्हणजे कातामध्ये ठेवले आणि मोकळ्या झुंजीतून काढून टाकले. उरलेले डाव समोरचा जीव तोडून विरोध करत असताना, पूर्ण जोर लावून करायचे. ही झाली रँडोरी. धोकादायक डाव काढून घेतलेली विद्या त्यामुळे बोथट झाली नाही, उलट तिला धार आली. ती शिकणाऱ्याला, दाद न देणाऱ्या शरीराशी रोज झटायची सवय लागली. बॉक्सिंग, कुस्ती, मुआय थाय, सॅम्बो, ब्राझिलियन जिउ-जित्सू यांचं बळही इथेच आहे. डाव वेगवेगळे असले तरी समोरचा माणूस रोज खराखुरा अडवतो.

१२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्व्हरमध्ये यूएफसी या लढतींच्या मालिकेची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा वेगवेगळ्या विद्यांचे लोक अगदी मोजक्या नियमांत समोरासमोर आले. ब्राझिलियन जिउ-जित्सूचा, अंगापिंडाने बेताचा रॉयस ग्रेसी एका रात्रीत तीन झुंजी जिंकला आणि जमिनीवरची झटापट ज्यांनी कधी केलीच नव्हती त्यांची पंचाईत सगळ्यांनी पाहिली. उलट टोकाचं उदाहरण जपानमधल्या यानागी र्यूकेन यांचं. हात न लावता शिष्यांना पाडून दाखवणारे हे गुरू २००६ मध्ये मिश्र मार्शल आर्टच्या एका लढवय्यासमोर उभे राहिले आणि पाहता पाहता हरले. त्यांचे शिष्य मुद्दाम नाटक करत असतील असं मला वाटत नाही. गुरूचा मान राखून पडायची सवय वर्षानुवर्षं अंगात भिनली की पडणाऱ्यालाही आपण स्वतःहून पडतोय हे कळत नसावं. आणि त्यात सगळ्यात मोठी फसगत गुरूचीच होते.

सरांनी रास्त हरकत घेतली. रिंगणात एकच प्रतिस्पर्धी असतो, तोही आपल्याच वजनाचा. पंच असतो, घंटा असते, खाली मऊ जमीन असते आणि दोघंही लढायचं ठरवूनच आलेले असतात. खऱ्या हल्ल्यात यातलं काहीच नसतं. मान्य. पण जे रिंगणात विरोध करणाऱ्या माणसावर चालत नाही, ते जिन्यात किंवा वाहनतळावर चालेल असं धरायला आधार तरी काय? "आमचे डाव रस्त्यासाठी आहेत, म्हणून आम्ही स्पारिंग (जोडीदाराशी मोकळी झुंज) करत नाही" हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता ते कानावर पडलं की मी बूट शोधायला लागतो.

निर्णय: समोरच्याने अंगावर पॅड घालून पूर्ण विरोध केला तरी जो डाव टिकतो, तोच वर्गात. बाकी कुणाचा कितीही आवडता असो.

१५ जून

पहिली परीक्षा मनगट सोडवण्याची. ताईंची रीत सगळीकडे शिकवतात तीच: पकडणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथे भेटतात त्या फटीकडे मनगट फिरवायचं आणि झटका द्यायचा. जोडीदार जागेवर उभा, हात सरळ. दरवेळी सुटतं.

मग जोडीदाराला सांगितलं, नुसतं धरू नकोस, त्यांना दारापर्यंत ओढत ने. पहिल्याच हिसक्याला ताईंचा खांदा पुढे गेला, मागची टाच उचलली, दुसरा हात तोल सावरायला हवेत. अंगठ्याची फट शोधायला सवड कुणाला? दोन पावलं फरफटल्यावर त्यांना पाय रोवता आले. पुढच्या खेपेला त्यांनी हात मागे खेचलाच नाही. गुडघे वाकवून बूड खाली घेतलं, ओढणाऱ्याच्याच दिशेने एक पाऊल आत टाकलं, कोपर त्याच्या हाताच्या वर आणलं आणि मग मनगट फिरवलं. सुटलं. डाव तोच, पण त्याच्याआधी अर्ध्या सेकंदाचं काम लागलं आणि ते काम कुठल्याच तक्त्यात छापलेलं नसतं.

ताई जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे माझ्या ब्लॅक बेल्टच्या मुलींना उद्याच करायला लावते." वर्गात हा सराव 'ओढाओढी' या नावाने ठेवला आहे.

२० जून

चाकू. सगळ्यांना शिकायचा असतो तो धडा.

जुने पांढरे टीशर्ट आणि लाल मार्कर घेतला. मार्करवाल्याला एकच सूचना: सिनेमातल्यासारखा एक लांबलचक वार करून हात तिथेच ठेवायचा नाही. डाव्या हाताने समोरच्याची बाही पकडायची आणि उजवा शिलाई मशीनच्या सुईसारखा आत-बाहेर चालवायचा.

मी मार्करचं मनगट पकडलं, हे खरं. पकडेपर्यंत माझ्या दंडावर, बरगड्यांवर आणि कानाखाली मानेवर रेघा उमटल्या होत्या. सरांचे पाय आमच्या सगळ्यांत चपळ. त्यांच्या पोटावर खुणा कमी होत्या, पण दोन्ही कोपरांपासून मनगटांपर्यंत टीशर्टच्या बाह्या लालभडक. ताईंनी लाथेने अंतर राखलं, खोली संपेपर्यंत. पाठ भिंतीला लागली आणि मग त्यांचीही तीच गत.

सॉल्ट लेक सिटी पोलिसांतले डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये याच प्रश्नावर लेख लिहिला होता. कमरेचं पिस्तूल काढून गोळी झाडायला प्रशिक्षित पोलिसालाही साधारण दीड सेकंद लागतो आणि तेवढ्यात चाकूवाला २१ फूट, म्हणजे सुमारे साडेसहा मीटर अंतर कापतो. ही कथा शस्त्रधारी माणसाची. रिकाम्या हातांनी चाकू हिसकावून घ्यायचा आखीव डाव शिकवणं म्हणजे शिकणाऱ्याला जिथून पळायला हवं तिथे उभं राहायचं कारण देणं.

ताईंचा आग्रह होता की लोक विचारणारच, निदान एक डाव दाखवू. तडजोड अशी निघाली की डाव नाही, टीशर्टाचा प्रयोग दाखवायचा. ज्याला करून बघायचं असेल त्याने टीशर्ट घालावा. मग पाकीट टाकून विरुद्ध दिशेला पळणं, मध्ये टेबल-खुर्ची-गाडी ठेवणं, वाट नसेल तर हातात येईल ती वस्तू पुढे धरणं. एवढंच. या धड्याला अर्धा तास.

२४ जून

हात आणि जमीन.

मुठीने डोक्यावर मारू नये, हे बॉक्सिंगच्या सरांनीच सांगितलं तेव्हा मला गंमत वाटली. एका हातात २७ हाडं. बॉक्सर पट्ट्या गुंडाळतो, वर ग्लोव्ह्ज चढवतो, तरी हात दुखावतो. ग्लोव्ह्जशिवाय मूठ कवटीवर बसली की करंगळीच्या मागचं हाड मोडायची शक्यता मोठी. डॉक्टर त्या मोडीला बॉक्सरच्याच नावाने ओळखतात, पण ती बहुतेक हौशी लोकांनाच होते, असं सर म्हणाले. मग तळहाताची टाच, कोपर, गुडघा आणि नडगीवर लाथ. चार गोष्टी. पॅडवर दणकून मारायच्या, हवेत नाही. हवेत मारणाऱ्याला आपला फटका किती हलका आहे हे कधी कळतच नाही.

पडणं हा माझा प्रांत, आणि इथे मी अडून बसलो. एका ठोशाने मेलेल्यांच्या अनेक घटनांत माणूस ठोशाने नाही, मागे कोसळून डोकं फरशीवर आपटल्याने मरतो. हनुवटी छातीला लावून, पाठ गोल करून, हाताने जमीन झोडत पडायला शिकलेला माणूस त्यातून वाचू शकतो. शिवाय हल्लेखोर आयुष्यात कधी भेटो न भेटो, पाय घसरणं ठरलेलं. जगात दरवर्षी पडून सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं मरतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांनंतर याचाच क्रमांक. इतकी वर्षं ज्युदो केल्यावर मला मॅटबाहेर प्रत्यक्ष कामाला आलेला डाव कोणता असं कुणी विचारलं, तर ओल्या पायरीवरची उकेमी, म्हणजे हेच सुरक्षित पडणं. लोकांना हे उत्तर ऐकून जरा निराशा होते.

पडण्यानंतर उठणं. ब्राझिलियन जिउ-जित्सूमध्ये पाठीवर झोपून लढायची मोठी कला आहे आणि अंगावर कुणी बसलं तर तिची किंमत कळते. वर्गात त्यातलं दोनच घेतोय: कंबर उचलून वरच्याला उलटवणं, आणि एक हात टेकून, एक पाय समोरच्याच्या दिशेने ढालीसारखा धरून उभं राहणं. खाली राहून पकड जमवायचा मोह शिकवायचाच नाही. त्याचा मित्र कुठे उभा आहे ते आपल्याला खालून दिसत नाही.

२८ जून

गोठून जाण्याबद्दल मॅडमचं सत्र. आम्हा तिघांसाठीच होतं आणि त्याची गरजही होती.

स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडितांसाठीच्या तातडीच्या केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के स्त्रियांनी सांगितलं की हल्ल्याच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात थिजलं होतं: हलता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं. हे भित्रेपण नव्हे, शरीराची आपसूक प्रतिक्रिया. म्हणून वर्गात "तुम्ही आता कुणालाही तोंड देऊ शकता" छापाचं एकही वाक्य जाता कामा नये. उद्या ती व्यक्ती थिजली तर हल्ल्याच्या जोडीला 'शिकूनही मला जमलं नाही' ही बोच तिला आयुष्यभर पुरेल. भिंतीवर लावायला सरांनी आणलेलं गर्जणाऱ्या वाघाचं पोस्टर त्यामुळे परत गेलं.

डावांची संख्या कमी ठेवण्यामागेही कारण आहे. समोर पर्याय जितके जास्त, तितका निवडीला वेळ जास्त, हे विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये प्रयोगांतून मांडलं. एका ठोशाला दहा उत्तरं शिकलेला नवखा माणूस अकराव्या प्रश्नात अडकतो: यातलं कुठलं? वर्षानुवर्षं सराव करणाऱ्याला ही अडचण कमी जाणवते, कारण त्याचं शरीर आपोआप निवडतं. पण आमच्याकडे बारा तास आहेत. विल्यम फेअरबेर्न यांनी शांघायच्या पोलिसांत असताना आशियातल्या अनेक विद्या पाहिल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात कमांडोंना शिकवायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी मोजके, रांगडे प्रकारच उचलले आणि तळहाताच्या टाचेचा फटका त्यात ठळक होता.

४ जुलै

चार सत्रं, बारा तास हा साचा मॅडमनी कुठून आणला ते आज सविस्तर वाचलं.

शार्लिन सेन आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर प्रयोग केला. अर्ध्याजणींना तीन-तीन तासांची चार सत्रं, उरलेल्यांना नेहमीची माहितीपत्रकं. कुणी कुठे जायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. निष्कर्ष २०१५ मध्ये आले. वर्षभरात बलात्काराला सामोरं जावं लागण्याचं प्रमाण माहितीपत्रकांच्या गटात ९.८ टक्के, प्रशिक्षणाच्या गटात ५.२ टक्के. बलात्काराच्या प्रयत्नांचं प्रमाण ९.३ वरून ३.४.

इतका फरक पडला म्हणजे काय शिकवलं असेल? हाणामारी एका सत्रापुरती आणि तीही सोपी. बाकीच्या वेळात ओळखीच्या पुरुषाच्या वागण्यातली धोक्याची लक्षणं ओळखणं. एकटं पाडणं, दारूचा आग्रह, छोट्या 'नाही'कडे पुन्हा पुन्हा दुर्लक्ष. 'वाईट दिसेल', 'त्याला काय वाटेल' या आतल्या अडथळ्यांवर काम. आणि आपल्याला काय हवं-नको याबद्दल मोकळं बोलणं.

सरांनी विचारलं, "मग आमची गरज काय?" प्रश्न जरा घुश्श्यातच आला होता. मॅडमचं उत्तर मला पटलं: जिला आपण दोन फटके दणकून मारू शकतो हे एकदा शरीराने कळलंय, ती पहिलं 'नाही' लवकर आणि मोठ्याने म्हणते. फटक्याची वेळ बऱ्याचदा येतच नाही. मग पॅडवरच्या फटक्यांचा उपयोग झाला की नाही झाला?

हेही लिहून ठेवायला हवं की हा अभ्यास तरुण स्त्रियांवरचा आणि लैंगिक हिंसेपुरता आहे. रस्त्यावरच्या राड्यात पुरुषाला बॉक्सिंगचा किती फायदा होतो, हे त्यातून काढता येत नाही. कुणी या आकड्यांच्या जोरावर आपल्या कराटे क्लासची जाहिरात करत असेल तर तो दुसऱ्याच्या शेतातलं पीक कापतोय.

९ जुलै

आवाजाचा सराव स्वयंसेवकांवर करून पाहिला. समोरून माणूस चालत येतो, ठरावीक अंतरावर तुम्ही हात पुढे करून "थांबा, मागे व्हा" म्हणायचं. आवाज पोटातून, वाक्य छोटं, कारण द्यायचं नाही.

पॅड फोडणाऱ्या दणकट माणसांचीही इथे तारांबळ उडाली. एकजण "थांबा" म्हणाले आणि पाठोपाठ "सॉरी". एका बाईंचे शब्द बरोबर, आवाजही ठीक, पण चेहऱ्यावर हसू आणि मान किंचित कललेली. समोरचा थांबलाच नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, मला वाटलं अजून सुरू व्हायचंय. हसू घालवायला त्यांना बराच वेळ लागला. शेवटी जमलं तेव्हा चालत येणारा खरोखरच एक पाऊल मागे गेला आणि मग स्वतःच ओशाळला.

हा सराव मी आजवर कुठल्याही डोजोत, म्हणजे सरावाच्या जागेत, केलेला नाही. किआई, म्हणजे आरोळी, घालतो आम्ही, पण ती फटक्यासोबतची. फटक्याऐवजी आवाज कसा वापरायचा, हे कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या सत्रातला एक पूर्ण तास याला.

१४ जुलै

छोटे निर्णय. गळा आवळायचे डाव वर्गात नाहीत. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर माणूस ५ ते ११ सेकंदांत शुद्ध हरपतो, आणि घाबरलेला नवखा माणूस अकराव्या सेकंदाला सोडेल याची खात्री मी देणार नाही. सुटण्याचा सराव मात्र आहे.

बळाचा वापर गरजेपुरताच, ही कायद्याची चौकट साध्या भाषेत सांगायची: धोका संपला की हात थांबला पाहिजे. काही ठिकाणी पाडल्यावर डोक्यावर लाथ हा डावाचाच शेवट म्हणून शिकवतात. सवय लागली की ती लाथ आपोआप जाते आणि मग बचाव करणाराच आरोपी होतो. आमच्या प्रत्येक सरावाचा शेवट दाराबाहेर पळण्यात आणि मदतीला हाक मारण्यात.

एकाहून अधिक हल्लेखोर: पळा. यावर बैठकीत एक मिनिटही गेलं नाही.

१९ जुलै

एक प्रश्न येणारच, म्हणून उत्तर ठरवलं: "बारा तासांनंतर पुढे शिकायचं तर काय निवडू?"

दोन-तीन वर्षं नेमाने सराव करणाऱ्याला बरंच काही मिळतं आणि ते खरं असतं. धक्का बसला तरी डोकं चालू राहतं. समोरचा हात पोचण्याइतका जवळ आलाय हे डोळ्यांआधी पायांना कळतं. दम टिकतो. आणि रोज कुणीतरी आपल्याला हरवतं, त्यामुळे बाहेर कुणाला हरवून दाखवायची खाज कमी होते. माझ्या पाहण्यात राड्यात सगळ्यात कमी सापडणारे लोक जुने ज्युदोका आणि बॉक्सर. सगळ्यात जास्त सापडणारे म्हणजे सहा महिने शिकलेले.

शैलीचं नाव विचारू नका, वर्ग बघायला जा, असं सांगणार आहोत. तिथे कुणी कुणाला खराखुरा अडवतंय का? नवशिक्याचा डाव फसला तर शिक्षक काय करतात, हसून पुन्हा करायला लावतात की जोडीदाराला "नीट पड ना" म्हणतात? शिक्षक स्वतः विद्यार्थ्यांशी मोकळं खेळतात का, कधी सापडतात का? वर्गात स्त्रिया टिकून आहेत का? ताईंनी स्वतःच सुचवलं की पूर्ण स्पर्शाची झुंज असलेला कराटे वर्ग आणि नुसत्या कातांचा कराटे वर्ग यांना एकाच नावाने ओळखणं बंद करायला हवं. क्राव मागा या स्वसंरक्षण पद्धतीचंही तेच. इमी लिख्टेनफेल्ड यांनी १९३० च्या दशकात ब्रातिस्लाव्हाच्या रस्त्यांवर फॅसिस्ट टोळ्यांशी झुंजताना जे हेरलं, ते पुढे इस्रायली सैन्यात गेलं. आज त्याच पाटीखाली उत्तम वर्गही आहेत आणि शनिवार-रविवारात प्रमाणपत्र वाटणारेही.

काता वाईट नव्हेत. तोल, श्वास, एकाग्रता, शिस्त यांसाठी कुणी आयुष्यभर ते करावेत, मीही करतो. फक्त त्या पिशवीवर 'स्वसंरक्षण' अशी चिठ्ठी डकवून विकू नयेत.

२५ जुलै

अंतिम आखणी झाली. पहिल्या सत्रात माणूस ओळखणं आणि आवाज. दुसऱ्यात पडणं, उठणं, ओढाओढी. तिसऱ्यात चार फटके पॅडवर, घाम निघेपर्यंत, आणि चाकूचा टीशर्ट. चौथं सत्र पूर्ण पॅड घातलेल्या माणसासोबतच्या प्रसंगांचं आणि त्यातले निम्म्याहून जास्त प्रसंग ओळखीच्या माणसाचे: गाडीतून उतरू न देणारा सहकारी, दार अडवणारा नातेवाईक. हल्लेखोराची भूमिका सर करणार, कारण एवढे फटके हसत खाणारा दुसरा कुणी नाही. प्रसंग कधीही थांबवायचा हक्क शिकणाऱ्याला असेल. मॅडम खोलीतच बसतील.

शिल्लक कामं: तोंड झाकणारं हेल्मेट मिळवायचं, ताईंनी ओढाओढीचा टप्प्याटप्प्याचा कागद लिहायचा. सहा महिन्यांनी विचारायच्या प्रश्नांचा मसुदा माझ्याकडे. त्यातला पहिला प्रश्न आधी 'शिकलेला डाव वापरावा लागला का?' असा होता. मॅडमनी तो खाली ढकलून त्याच्या वर तीन घातले: कुठून लवकर निघून आलात का, कुणाला स्पष्ट नाही म्हणालात का, कुणाला सांगितलंत का. ताईंनी चौथा जोडला: पडलात का, आणि लागलं का?